लखनच्या झटक्यांची नोंद

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

लखनने आज सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली आणि आमचा अर्ज बाद झाला.

दिव्यांग तपासणीचं शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आमचा नंबर एकसष्टावा. बोर्डाच्या डॉक्टरांनी त्याला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. तो थेट दोनपर्यंत गेला, कुठे अडखळला नाही. "कानात आवाज येतात का?" तर म्हणतो, "कोणी बोलावलं की येतात, साहेब." डॉक्टर हसले. मी हसलो नाही.

मी सांगितलं, साहेब, हा माझा धाकटा भाऊ, वय तेहतीस. आज ठीक दिसतो. बावीस डिसेंबरला याच हातांनी याने माझ्या बायकोच्या डोक्यात कुकरचं झाकण घातलं. पाच टाके. वर्षा त्याच दिवशी उमरखेडला माहेरी गेली ती अजून आली नाही. कापसाच्या जिनिंगवाल्यांनी याला तीनदा कामावर घेतलं आणि तीनदा काढलं. डॉक्टर म्हणाले, "खरं असेल. पण नोंदी कुठे आहेत?" दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली लिहिलं. चाळीस नसतील तर तहसीलमध्ये पेन्शनचा अर्ज घेत नाहीत.

बाहेर दवाखान्यातल्या समुपदेशक उज्ज्वलाताई भेटल्या. म्हणाल्या, "नेमसिंगभाऊ, हा आजार येऊन जाऊन असतो. बोर्डाले एकच दिवस दिसते. बाकीचे दिवस तुम्ही लिहून दाखवा." म्हणून ही वही.

मी सातवी शिकलेला माणूस. पण मोटर रिवाइंडिंगचं माझं दुकान दिग्रसमध्ये चोवीस वर्षं आहे, आणि ते मला कोणी शिकवलेलं नाही. जळक्या मोटरी उकलून, वेढे मोजून, लिहून ठेवून शिकलो. माझ्या वेढ्यांत एकाचाही फरक सापडत नाही. या नोंदींतही सापडणार नाही. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो. इथे मराठीत लिहितो, कारण वही साहेबांपुढे जायची आहे. रकाने पाच: तारीख, झोप, गोळी, झटका, शेरा.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीचा दुसरा दिवस. झटका, सकाळी १०.४० ला.

तांड्यात तीन दिवस लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, चालू होती. लखन गाण्यात सगळ्यांच्या पुढे. लोक खूष, कारण त्याचा आवाज चांगला. मला दिसत होतं की तो थांबत नाही. आज गाणं संपल्यावरही थांबला नाही. डफ शेजारच्या गोविंदाच्या तोंडावर मारला, मग त्याच्या मोटरसायकलचा दिवा फोडला, मग काचेचे तुकडे मुठीत धरून सांगू लागला की तांड्याची सगळी लाइन आपल्या अंगातून जाते, कोणी हात लावला तर मरेल. हात रक्ताने भरलेला, आणि चेहरा हसरा. धरायला पाच जण लागले. माझ्या बरगडीत त्याचा गुडघा बसला. १.१५ ला दिग्रसमध्ये इंजेक्शन, १.४० ला झोपला.

गोळ्यांचं पाकीट पाहिलं. सणाची दारू म्हणून चार तारखेपासून घेतलेल्या नाहीत. म्हणजे अकरा दिवस.

याडी, आमची आई, दिवसभर त्याच्या उशाशी बसून आहे. मला म्हणाली, "तू पण दोन दाणे खा." मग पुन्हा त्याच्याकडे वळली.

१९ एप्रिल, शनिवार

झटका नाही. झोप सात तास. लखन दुकानात येतो. गोळ्यांनी त्याचे हात थरथरतात, कॉइल भरताना तार सुटते. आज गिऱ्हाइकासमोर मी त्याला उठवलं आणि ती कॉइल पुन्हा भरली. तो म्हणाला, "भिया, सांगायचं होतं ना, मी सोता उठलो असतो." यात रागवण्यासारखं काही नव्हतं.

२० जुलै, रविवार

झटका, दुपारी ३.०५.

मुकुटबनला एका शेतकऱ्याच्या तीन मोटरी उतरवायला गेलतो. लखन सोबत होता. नऊ तारखेला निघालो तेव्हा गोळ्या घरी राहिल्या, मुक्काम तिथेच होता. माझी चूक, लिहून ठेवतो. आज तिथल्या विहिरीवर त्याने उकलायच्या पान्ह्याने पंपाचं डोकं फोडलं. मी आडवा आलो तर पान्हा माझ्या खांद्यावर. मग तो विहिरीच्या कठड्यावर उभा राहून म्हणू लागला की खाली उतरून पाण्यातला करंट बंद करतो. शेतकरी आणि मी मिळून पायांना धरून ओढला. पडताना त्याचं कपाळ दगडावर फुटलं. मी त्याच्या छातीवर बसलो, गाडी येईपर्यंत पंचवीस मिनिटं. पूर्ण वेळ तो मला माझ्याच नावाने हाक मारत होता, की नेमसिंगला बोलवा, हा मला मारतो.

नऊ ते वीस. अकरा दिवस. मार्चमध्येही अकराच.

३० ऑगस्ट, शनिवार

शिबिराची तारीख लागली. १८ सप्टेंबर, गुरुवार. उज्ज्वलाताई सांगायला मुद्दाम दुकानात आल्या.

"वही घेऊन या. लखनले नीट गोळ्या चालू ठेवा, चांगला झोपू द्या, चांगला आणा."

मी म्हटलं, "चांगला आणला तर तो पुन्हा शंभरातून सात वजा करीन."

"करू द्या ना. आता तुमच्यापाशी आठ महिन्यांचं लेखी हाय."

"ताई, कागद कोणी बी लिहिते."

"तुमच्यासारखा कोणी लिहीत नाई, मिस्त्री." असं म्हणून वही चाळली आणि चहा न घेता गेल्या.

बाईंना मोटरीतलं कळत नाही. शेतकरी मोटर घेऊन येतो, म्हणतो चालता चालता ट्रिप होते. मी टेबलावर लावतो, तर गाणं म्हटल्यासारखी चालते. रिकामी चालवली तर फॉल्ट कधीच दिसत नाही. तिला लोडवर घालावं लागतं, तापवावं लागतं, आणि ट्रिप होते त्या क्षणी तिथे उभं राहावं लागतं. शेतकऱ्याच्या सांगण्यावर मी कधी मोटर उकलली नाही. डॉक्टरही उकलणार नाही.

अठरातून अकरा गेले, सात.

वर्षाशी फोनवर बोललो. ती म्हणाली, त्याची काही सोय लागली तर येते.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून गोळ्या बदलल्या. औषधाच्या दुकानातून कॅल्शियमच्या आणल्या, आकार जवळपास तोच. जुन्या पाकिटातून रोज काढून मीच हातावर देतो, त्यामुळे शंका येणार नाही. खऱ्या गोळ्या मोजून डब्यात ठेवल्या आहेत, एकोणीस तारखेपासून परत चालू.

हे लिहू नये असं मनात आलं. पण खोटी नोंद मी आयुष्यात केली नाही. बोर्डासाठी वेगळा तक्ता काढून देईन, एक पान, स्वच्छ.

११ सप्टेंबर, गुरुवार

झोप सहा तास. झटका नाही.

लखनचे हात थरथरायचे थांबले. आज त्याने पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीच्या सहा कॉइल भरल्या. मी प्रत्येक मोजली. एकही वेढा चुकला नाही. तार ताणून बसवायची त्याची पद्धत माझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे मी कबूल करतो. तोंडावर बोललो नाही. दुपारी डबा खाताना म्हणाला, "भिया, मले बरं वाटून राह्यलं. तोंड बी कोरडं नाई पडत. आता सुधरतो वाटते मी."

"खा," मी म्हटलं.

"वहिनीले फोन लावू का? म्हणतो, या आता घरी."

"अठरा तारखेनंतर लाव."

त्याने भाकरीचा मोठा तुकडा मोडून माझ्या डब्यात टाकला, लहानपणी टाकायचा तसा.

१३ सप्टेंबर, शनिवार

झोप तीन तास. बोलणं भरभर. दोन गिऱ्हाइकांना फुकट मोटर भरून देतो म्हणाला. सगळं अंदाजाप्रमाणे.

याडीने विचारलं, "गोळ्या देतोस ना त्याला?"

"माझ्या हाताने देतो."

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी नजर काढली नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

झटका, सकाळी ७.२०. आठव्या दिवशी. तीन दिवस लवकर.

दोन वेळा अकरा आले म्हणून तिसऱ्यांदा अकराच येतील असं मी धरलं. दोन मापांवरून मी कधी तार कापत नाही. इथे कापली.

खांबावर चढून घराची वायर ओढत होता. लाकडी दांड्याने ढकलून खाली पाडला. पडल्यावर त्याने याडीची पाण्याची कळशी उचलून माझ्या डोक्यावर आपटली. कानामागे फुटलं. मी आणि गोविंदाने त्याला ओढत टिनाच्या शेडमध्ये नेला. गोविंदा म्हणाला, "गाडी बोलावतो, सुई देऊन आणू." मी म्हटलं नको, मी पाहतो. तो गेल्यावर लखनला मधल्या लोखंडी खांबाला बांधला. मनगटं मागे, दोर सुती, आठ पदरी.

आता सुई दिली तर गुरुवारी तो झोपलेला किंवा शहाणा असणार. तीन दिवस असाच टिकवायचा आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

झोप शून्य. ओरडणं सतत. घसा बसला तरी ओठ चालू. खांबावर डोकं आपटतो, म्हणून मागे गोणपाट बांधलं.

९.३० ला पाणी पाजायला गेलो तर माझा हात चावला. मनगटाच्या वर, मांस सुटेपर्यंत. दुसऱ्या हाताने जबडा उघडेना. भिंतीवर पंपाचा व्ही-बेल्ट टांगलेला होता. पाठीवर चार दिले. मोजून चार, त्याच्यावर नाही. चौथ्याला सुटला.

याडी दाराबाहेर बसली होती. "नेमा, सुई दे त्याला. तो सोसतोय."

"त्याच्याचसाठी करतो. परवापर्यंत थांब."

"तुझ्या बापाने बैलाला पण असं बांधलं नाही."

तिला चाळीस टक्क्यांचं काय समजणार. मी आणि ती गेल्यावर याला कोण पाहील, हे मीच पाहतो.

हाताला सहा टाके घ्यावे लागले. कंपाउंडरने विचारलं, तर कुत्रं म्हणून सांगितलं. नोंदीत खरं लिहितो.

१७ सप्टेंबर, बुधवार

१२.१० ते १२.२५.

मी दुकानातून शिबिराचे कागद आणायला गेलो होतो. याडीने भाकरी चारण्यासाठी त्याचा एक हात सोडला. त्याने तिला बाजूला फेकलं. ती पाट्यावर पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं. मोटरीचा जुना शाफ्ट घेऊन तो बाहेर धावला. मी तांड्याच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा गोविंदाचा गुडघा फुटलेला होता आणि तो मातीत लोळत होता. एका घराचं दार आडवं पडलं होतं. मग लोक आले. आधी चार, मग अकरा. काठ्या, वखराची दांडी, एकाकडे सायकलची चेन. लखन पडला तरी थांबले नाहीत. उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला पंधरा पावलांवरून आला, सुकी तुराटी मोडल्यासारखा. एक जण त्याच्या पाठीवर उभा राहून उड्या मारत होता. होळीला त्याच्याच बाजूला उभा राहून गात होता तो.

मी मध्ये पडायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी घड्याळ पाहत होतो.

धावजी नायक आला. सत्तरीचा म्हातारा, आमच्या तांड्याचा नायक. आपली काठी टाकून लखनवर आडवा झाला. दोन फटके त्यालाही बसले तेव्हा कुठे हात थांबले. तो खालूनच बोलला, "मारून झालं असंन तर आता पाणी आणा. माणूस हाय, साप नाई." मग मला पाहिलं. "नेमसिंग, तू कवाचा उभा हायेस?"

दवाखाना. लखनचा हात प्लास्टरमध्ये, डोक्याला नऊ टाके, आणि इंजेक्शन. मी डॉक्टरांना म्हटलं, उद्यापर्यंत इंजेक्शन थांबवता येईल का. त्यांनी सुई टोचली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नंबर चौदावा. लखन खुर्चीत झोपलेला, तोंडातून लाळ. धावजी नायकाने धरून ठेवला होता. तो आपणहून आला.

टेबलावरचा कारकून म्हणाला, "हात मोडलाय ना, हाडांच्या टेबलावर न्या. जुडला नाई तर तिकडून तात्पुरतं प्रमाणपत्र भेटून जाईन." मी सांगितलं की हा हात नाही, डोकं दाखवायचं आहे.

डॉक्टर तेच होते, जानेवारीतले. त्यांनी लखनचं मनगट उलटं करून पाहिलं, मग शर्ट वर केला.

"हे कोणी केलं?"

"तांड्यातल्या लोकांनी. काल गर्दी झाली होती."

"बाकीचं गर्दीचं आहे. हे चार वळ एकाशेजारी एक आहेत. गर्दी असं मोजून मारत नाही."

मी तक्ता पुढे केला. तीन झटके, तारीख, वेळ, साक्षीदार. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "मूळ वही द्या." मी म्हटलं यात सगळं आहे. त्यांनी हात तसाच पुढे ठेवला. उज्ज्वलाताई बाजूला उभ्या होत्या; त्या म्हणाल्या, "द्या ना भाऊ, तुमची वही म्हणजे पुरावा हाय." दिली.

त्यांनी शेवटून वाचायला घेतली. बराच वेळ. मागचे लोक कुरकुरायला लागले. मग सात सप्टेंबरचं पान त्यांनी मोठ्याने वाचलं, शब्द न शब्द. उज्ज्वलाताईंनी तोंडावर पदर धरला. लखनने डोळे उघडले.

"खडूच्या होत्या?" तो म्हणाला. जीभ जड होती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"कॅल्शियमच्या," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षांत माणूस किती काळ आजारी होता, कामावर टिकला का, घरात काय झालं, हे आम्ही धरतो. डिसेंबरचं, मार्चचं, जुलैचं लिहिलेलं आहे. मधले दिवसही लिहिलेत, गोळी कधी, झोप किती, काम कधी सुटलं. दवाखान्याच्या चिठ्ठ्या तारखांना जुळतात. इतकी चांगली नोंद माझ्या टेबलावर आलेली नाही. याच्यावर चाळीसच्या वर सहज बसत होतं. हा माणूस हसत आला असता तरी बसत होतं." मग सप्टेंबरच्या पानावर बोट ठेवलं. "हे मी धरणार नाही. हे आजाराचं नाही."

त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला वाचू दिलं नाही. लखनला विचारलं, तक्रार करायची आहे का. लखनने पुन्हा डोळे मिटले.

धावजी नायक गाडीत लखनला टेकू देऊन मागे बसला, मला पुढे पाठवलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गोळ्या आता याडीकडे. उज्ज्वलाताई आठवड्यातून एकदा पाकीट मोजतात. याडीच्या गळ्यात झोळी आहे, एका हाताने स्वयंपाक. मी भांडी घासायला घेतली तर म्हणाली, राहू दे.

प्रमाणपत्र मंजूर. पेन्शनच्या अर्जावर लखनने डाव्या हाताने सही केली. सोबत राहणाऱ्याच्या जागी कारकुनाने माझं नाव लिहायला घेतलं, तर लखन म्हणाला, "मानीबाई लिहा. माह्यी माय."

वर्षाला कळवलं. तिने विचारलं, याडीचं हाड कसं मोडलं. सांगितलं. फोन तिच्याकडून बंद झाला.

१२ ऑक्टोबर, रविवार

झोप साडेसात तास. गोळी सकाळची घेतली. न्याहारीला दोन भाकरी, वांग्याची भाजी.

सकाळी ८.५० ला लखन अंगणात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी दुकानासाठी तार मोजत होतो. म्हणाला, "भिया, उभा राह्य."

उभा राहिलो. त्याने प्लास्टरचा हात मागे नेला आणि माझ्या तोंडावर मारला. एकदाच. खालचा डावीकडचा दात पडला, दुसरा हलतो. मी तारेच्या भेंडोळ्यावर पडलो. त्याने पुन्हा हात उचलला नाही. प्लास्टरला तडा गेला होता, त्याला दुखलं असणार. ओरडला नाही. भिंतीला टेकून उकिडवा बसला.

"वही आण," म्हणाला.

मला वाटलं फाडणार. आणली.

"लिही. झोप किती?"

"साडेसात."

"गोळी?"

"घेतली."

"मी सोता पाकीट फोडून घेतली. तसं लिही. आज वार कोणता?"

"रविवार."

"शंभरातून सात गेले, त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. पुढं म्हणू?"

"नको."

"मंग झटक्याच्या घरात काय लिहितो ते लिही."

मी पेन धरून बसलो. रक्त पानावर पडत होतं, ते बाहीने पुसलं. प्रमाणपत्र पाच वर्षांनी पुन्हा तपासतात. मारहाणीची नोंद तेव्हा कामी येईल, हे माझ्या मनात आलं, आणि तेच त्याने माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

"नाई भिया. हे त्यात नाई धरायचं. हे मी शुद्धीत मारलं."

नोंद: झटका नाही. शुद्धीत मारलं. कारण विचारलं नाही.

याडी दारात उभी राहून सगळं पाहत होती. आत गेली आणि चांगल्या हाताने तांब्याभर पाणी घेऊन आली. माझ्यापाशी थांबली. मी हात पुढे केला. ती पुढे जाऊन लखनजवळ बसली आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला.